वाऱ्याची बखर

मृग लागला कीं मुंबई-पुण्याकडील घराघरांतून खिडक्यांना कड्या घालण्याची एकच धांदल उडते. नैर्ऋत्येकडून वारा सुटतो, दोरीवरचे कपडे उडूं लागतात, दारें आपटतात, आणि "आला, यंदा वेळेवर आला" असें म्हणत आपण त्या वाऱ्याचें कौतुकच करतों. आपल्या लेखीं तो पावसाचा दूत. परंतु याच वाऱ्याचा एक ओघ कच्छचें रण आणि सिंधचा दक्षिण भाग ओलांडून मारवाडांत शिरतो. तेथें पोंचतांना त्याच्या अंगीं वेग असतो, पण पाऊस देण्याचें सामर्थ्य फारसें नसतें. पश्चिमेकडून आलेली कोरडी, उष्ण हवा वर झांकणासारखी बसलेली असते आणि ती ढगांना उंच चढूं देत नाहीं. कोंकणांत ज्याच्या भरंवशावर भाताचीं रोपें लावतात, तोच वारा जेसलमीर-बारमेराकडे वाळू उचलतो आणि तिच्या टेकड्या रचतो. ही गोष्ट आपण शाळेंत भूगोल म्हणून ऐकलेली असते. आज ती मला इतिहास म्हणून सांगावयाची आहे.

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया, तह आणि सनदा आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. वाऱ्याला सनद नाहीं आणि शिलालेखहि नाहीं. कालचा वारा आज कोणाला दाखवितां येत नाहीं. मग दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचा वारा कोणत्या दिशेचा होता, केवढ्या जोराचा होता, हें सांगावयाचें कसें? सुदैवानें वाऱ्यानें आपली बखर स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि ती वाळूंत लिहिली आहे. ती वाचावयास माणसाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. त्या वाचनाची ही हकीकत.

थरच्या वाळवंटाची एक उपपत्ति आपल्याकडे फार जुनी आहे. समुद्रावर सोडण्यासाठीं धनुष्याला जोडलेला बाण रामानें समुद्राच्याच विनवणीवरून उत्तरेकडील द्रुमकुल्य नांवाच्या प्रदेशावर सोडला आणि तेथें मरुकांतार झालें, अशी कथा रामायणाच्या युद्धकांडांत आहे. एका बाणासरशीं वाळवंट! कथा म्हणून ती भव्य आहेच. पण तिच्यांत वाऱ्याला कामच ठेवलेलें नाहीं.

वाऱ्याला त्याचें काम परत मिळालें तें १८७६ सालीं. त्या वर्षीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत विल्यम ब्लॅनफर्ड यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ब्लॅनफर्ड हे हिंदुस्थान सरकारच्या भूगर्भ-निरीक्षण खात्यांतील अधिकारी. हिंदुस्थानच्या मोठ्या वाळवंटाची रचना, सिंधूच्या खोऱ्यांत पूर्वीं समुद्र होता काय हा प्रश्न, आणि वाळूच्या टेकड्यांची उत्पत्ति, असा त्या निबंधाचा विषय होता. टेकड्यांची ठेवण पाहून त्यांनीं तिचा संबंध नैर्ऋत्येच्या वाऱ्याशीं जोडला. पुढें १९०९ सालीं हॉलंड व ख्रिस्टी या दोघांनीं त्याच वाऱ्यावर आणखी एक ओझें लादलें. कच्छच्या रणांतील मीठ उचलून राजपुतान्यांतील खाऱ्या सरोवरांपर्यंत नेण्याचें कामहि तोच करतो, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. हें मिठाचें मत नंतरच्या शोधांपुढें जसेंच्या तसें टिकलें नाहीं. परंतु मारवाडांतील वाळूचा धनी नैर्ऋत्येचा वारा, ही गोष्ट तेव्हांपासून शास्त्रज्ञांच्या मनांत पक्की बसली.

ती बसावी असाच तेथला देखावा आहे. थरमधील बहुतेक टेकड्या उंचीनें १० पासून ४० मीटरपर्यंत भरतात. मारवाडी माणूस त्यांना धोरा किंवा टीबा म्हणतो. विमानांतून पाहिल्यास त्यांतील पुष्कळशा टेकड्या बायका केसांत खोंवतात त्या आंकड्यासारख्या दिसतात. दोन लांब हात नैर्ऋत्येकडे पसरलेले असतात आणि त्यांना जोडणारें नाक ईशान्येकडे पुढें गेलेलें असतें. असें होण्याचें कारण गवत आणि झुडपें. टेकडीच्या दोन्ही कडांवर वनस्पति मूळ धरतात व तेथली वाळू अडवून ठेवतात. मधला उघडा भाग मात्र वारा पुढें ढकलीत नेतो. जेथें गवताची काडीहि नाहीं अशा उघड्या वाळवंटांत याच्या अगदीं उलट प्रकार घडतो. तेथें चंद्रकोरीसारखी टेकडी होते, आणि तिचीं शिंगें वारा जिकडे जातो तिकडे रोखलेलीं असतात, कारण कडेची उथळ वाळू मधल्या उंच वाळूपेक्षां लवकर पळते. म्हणजे आकार दोन्हींकडे वांकडाच, पण एका ठिकाणीं टोकें वाऱ्याकडे तोंड करून आणि दुसऱ्या ठिकाणीं पाठ करून. नुसत्या आकारावरून वाऱ्याची दिशा तर कळतेच, शिवाय त्या वेळीं जमिनीवर हिरवळ होती कीं नव्हती हेंहि कळतें.

या लिपीचें व्याकरण बसविलें तें एका लष्करी एंजिनियरानें. राल्फ बॅगनोल्ड हे ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी. १९२६ च्या सुमारास त्यांची नेमणूक ईजिप्तमध्यें झाली. सुटी मिळाली कीं इतर अधिकारी पोलो खेळत. हे गृहस्थ साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटांत शिरत. जेथें उंटहि जावयास नाखूष असे तेथें त्यांनीं मोटारी नेल्या. तेथल्या टेकड्यांची शिस्तबद्ध रांग पाहून त्यांना प्रश्न पडला कीं, ज्या वाळूला ना बुद्धि ना जीव, ती सैन्याच्या पलटणीसारखी ओळींत कां उभी राहते? १९३५ सालीं सैन्यांतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत वारा सोडण्याची एक लांब पेटी तयार केली, तिच्यांत वाळू पसरली, आणि कणन् कण कसा उडतो हें पाहिलें. त्यांचा 'उडत्या वाळूचें पदार्थविज्ञान' या विषयावरील ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळीं ग्रंथकार स्वतः पुन्हां सैन्यांत दाखल होऊन आफ्रिकेच्या वाळवंटांत युद्धकार्यांत गुंतलेले होते.

बॅगनोल्ड यांनीं दाखविलें कीं वाळू धुळीसारखी तरंगत नाहीं; ती उड्या मारते. तापलेल्या खापरांत लाह्या उडाव्या तसे कण उडतात, वाऱ्यांत थोडें पुढें जातात, खालीं आपटतात आणि आपटतांना दुसऱ्या कणांना उडवितात. वाळूचें वादळ केवढेंहि भयंकर दिसो, खरी वाळू बहुतेक गुडघ्याच्या खालींच असते. वर जें आकाश झांकतें ती धूळ. वारा ताशीं सुमारें २० किलोमीटरपेक्षां मंद असेल तर कोरडी वाळूदेखील बहुधा जागची हलत नाहीं. परंतु ती एकदां हलूं लागली म्हणजे मग हिशेब बदलतो. वाळूचें वहन वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. वेग दुप्पट झाला तर वाळू दुप्पट नव्हे, आठपट किंवा त्याहूनहि अधिक जाते.

या एका नियमांत पुष्कळ इतिहास सांठविलेला आहे. वर्षभर वाहणारी झुळूक जें करूं शकत नाहीं तें ज्येष्ठांतील चार दिवसांची आंधी करून जाते. वाऱ्याचा सरासरी वेग थोडासा उतरला तरी वाळवंट जवळजवळ झोंपी जातें, आणि थोडासा चढला तर जागें होतें. दुसरा नियम असा कीं टेकडी जितकी उंच तितकी तिची चाल मंद. ईजिप्तमधील खार्गा ओअॅसिसजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं बीडनेल यांनीं चंद्रकोरी टेकड्यांच्या हालचालीचें मोजमाप केलें. ती चाल वर्षाला सरासरीनें सुमारें १५ मीटर भरली. हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां वाऱ्याची दिशा बदलली तर काय होतें? एकाच दिशेचा वारा व भरपूर वाळू असेल तर टेकडी त्याला आडवी पसरते. दोन ऋतूंत दोन दिशांनीं वारे येत असतील तर ती लांबट होते. अशा टेकडीला अरब लोक सैफ, म्हणजे तरवार, म्हणतात. चोहों बाजूंनीं वारे असतील तर चांदणीसारखी टेकडी होते व जाग्यावरच उंच वाढते. हा सर्व प्रकार १९८७ सालीं रूबिन व हंटर या अमेरिकन संशोधकांनीं फार सोप्या युक्तीनें उलगडून दाखविला. वाळू पसरलेली फळी वाऱ्यांत ठेवून ती पुनःपुन्हां फिरवावयाची, म्हणजे तोच वारा कधीं या बाजूनें तर कधीं त्या बाजूनें लागतो. वाळूंत ज्या लहरी उठल्या त्यांवरून असें दिसलें कीं कंगोरा दोन वाऱ्यांपैकीं कोणाचीच बाजू घेत नाहीं, आणि दोघांच्या मध्यावरहि उभा राहत नाहीं. दोन्ही वाऱ्यांची मिळून जास्तींत जास्त वाळू आपल्या माथ्यावरून आडवी जावी अशी बैठक तो धरतो. एका वाऱ्याचा वांटा घटला किंवा वाढला कीं ही बैठक मोडते व कंगोरा वळूं लागतो.

लहान टेकडी थोड्या काळांत वळते. मोठीला वळावयास शतकें, कधीं सहस्रकेंहि लागतात. म्हणून वाळवंटांत पुष्कळदां असें दिसतें कीं खालची प्रचंड टेकडी एका दिशेची आणि तिच्या पाठीवरचे लहान उंचवटे दुसऱ्या दिशेचे. नातवंडें आजच्या वाऱ्याचें ऐकतात. आजोबा आपल्या तरुणपणींच्या वाऱ्याचेंच घेऊन बसलेले असतात. आजच्या वाऱ्याला न शोभणारी मोठी टेकडी आढळली कीं तेथें एखादा मेलेला वारा पुरलेला आहे असें समजावें.

थर हा असल्या मेलेल्या वाऱ्याचा नमुनाच आहे. जगांतील मोठमोठ्या वाळवंटांतील वाऱ्यांची वाळू हलविण्याची शक्ति अमेरिकन भूगर्भ खात्यानें १९७९ सालीं तुलनेनें मांडली, तेव्हां थरचा क्रमांक अगदीं तळाशीं लागला. जेसलमीरच्या बाजूला वारा जोराचा आहे आणि तेथें जिवंत, चालत्या चंद्रकोरी आहेत हें खरें. परंतु पूर्वेकडे बिकानेर, चुरू, नागौर या टापूंत वारा सौम्य, टेकड्या मात्र मोठमोठ्या. त्यांवर सेवण गवत, फोगाचीं झुडपें, खेजडीचीं झाडें, आणि पाऊस पडला तर बाजरीचीं व मोठाचीं शेतें. आजच्या वाऱ्याच्या हातून एवढ्या टेकड्या उभ्या राहणें शक्य नाहीं. मग त्या कोणी उभ्या केल्या, आणि केव्हां?

केव्हां या प्रश्नाशीं बखरवाचन बरींच वर्षें अडून बसलें होतें. मजकूर वाचतां येत होता, पण त्यावर मिति नव्हती. लांकूड किंवा कोळसा असेल तर त्याचें वय काढतां येतें. पण वाळूंत लांकूड कोठून मिळणार? ही अडचण दूर करण्यांत आपल्या देशाचा वांटा मोठा आहे, आणि तो आपल्या लोकांना माहीत असावा तितका माहीत नाहीं. १९८२ सालीं 'नेचर' या सुप्रसिद्ध नियतकालिकांत अशोक सिंघवी, शर्मा व अग्रवाल यांचा राजस्थानांतील वाळूच्या टेकड्यांच्या वयाविषयींचा लेख आला. सिंघवी हे अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरींतले. वाळूच्या टेकडीचें वय खुद्द वाळूकडूनच वदवून घेण्याच्या जगांतील आरंभींच्या प्रयत्नांत या कामाची गणना होते.

ही युक्ति अशी. वाळूचा कण म्हणजे बहुधा गारेचा, क्वार्ट्झचा कण. तो जमिनींत गाडला गेला कीं भोंवतालच्या मातींतील किरणोत्सर्गी द्रव्यांचा सूक्ष्म मारा त्याच्यावर अखंड होत राहतो आणि त्याची शक्ति कणाच्या अंतरंगांत थेंबाथेंबानें सांठत जाते. रांजणांत थेंब थेंब पाणी पडावें तसा हा प्रकार आहे. कणाला ऊन लागलें कीं रांजण रिकामा होतो. वाऱ्यानें उडणारा कण उन्हांत न्हालेलाच असतो. तेव्हां तो गाडला गेला त्या दिवशीं रांजण रिकामा होता असें धरतां येतें. प्रयोगशाळेंत कण तापविला म्हणजे सांठलेली शक्ति मंद प्रकाशाच्या रूपानें बाहेर पडते. तो प्रकाश मोजावयाचा, वर्षाला किती थेंब पडतात तें काढावयाचें, आणि भागाकार करावयाचा. १९८५ सालीं कॅनडांतील हंटली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उष्णतेऐवजीं प्रकाशानेंच कणाला बोलता करण्याची अधिक बिनचूक रीत काढली. नमुने घेतांना मात्र भारी जपावें लागतें. टेकडींत नळी ठोकून ती दोन्ही तोंडांनीं बंद करावयाची आणि फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलींतल्यासारख्या लाल उजेडांत उघडावयाची. एक क्षण ऊन लागलें कीं हजारों वर्षांची मिति पुसली जाते.

या कामीं पुणेंहि होतें. डिडवाण्याजवळ '१६ आर' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या टेकडींत डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू प्रभृति पुराणवस्तुसंशोधकांनीं सुमारें २० मीटर खोलीपर्यंत खोदकाम केलें. वाळूच्या पदरापदरांत अश्मयुगीन माणसाचीं दगडी हत्यारें निघालीं; मधून मधून चुनखडीच्या गोळ्यांचे पट्टे लागले. चुनखडी म्हणजे वाळू त्या काळीं स्थिर होती व तिच्यांत पाणी मुरत होतें याची खूण. या वाळूचें वय सर्वांत खालीं सुमारें दोन लाख वर्षांपर्यंत पोंचलें. वाळवंट शेळ्यांनीं केलें, लांकूडतोड्यांनीं केलें, हडप्पाच्या लोकांनीं जंगल जाळून केलें, असें म्हणणाऱ्यांना या एका खड्ड्यानें उत्तर दिलें.

परंतु खरें आश्चर्य पुढेंच होतें. सुमारें २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाचा कडाका परमावधीस पोंचला होता. समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं गेलेली होती. हिंदुस्थानांत पावसाळा क्षीण झाला होता. डिडवाण्याचें सरोवर आटून अतिशय खारट बनलें होतें. इतका रुक्ष काळ, तेव्हां टेकड्या याच काळांत उभ्या राहिल्या असणार, असें कोणीहि म्हणेल, आणि पुष्कळ विद्वान् तसें म्हणतहि होते. नमुन्यांचे आंकडे येऊं लागले तेव्हां त्या काळची वाळू जवळजवळ सांपडेना. टेकड्यांच्या वाढीचा मोठा भर निघाला तो त्यानंतरचा, ढोबळमानानें चौदा हजारांपासून नऊ हजार वर्षांपूर्वींपर्यंतचा, म्हणजे हिमयुग सरून पावसाळा पुन्हां बळावत होता तेव्हांचा!

याचा उलगडा वाऱ्यांत आहे. मारवाडांत वाळू हलविणारा वारा हा पावसाळ्याचाच वारा आहे. हिंवाळ्यांतला ईशान्येचा वारा दुर्बळ. आशियाखंडाची भूमि उन्हाळ्यांत तापते, तेथली हवा वर चढते, आणि ती पोकळी भरून काढावयास समुद्रावरचा वारा धांवतो. हिमयुगांत उत्तरेकडे बर्फाचें साम्राज्य होतें, भूमि तितकी तापत नसे, म्हणून हा वारा मलूल पडला होता. तहान होती, वाळूहि होती. पण ती उचलावयास हात नव्हता. पुढें बर्फ वितळूं लागलें. शिवाय पृथ्वीच्या भ्रमणाच्या तऱ्हेमुळें, जो सूर्यसान्निध्याचा काळ आज जानेवारींत येतो तो ११,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यांत येत असे. त्यामुळें उन्हाळे अधिक प्रखर होते. नैर्ऋत्येचा वारा जोरानें वाहूं लागला, पण पावसाला जम बसवून जमीन हिरवी करावयास आणखी बराच काळ लागला. वारा आधीं आला, पाऊस मागाहून आला. या दोहोंमधल्या कालखंडांत मारवाडच्या टेकड्या रचल्या गेल्या. नंतर पाऊस स्थिरावला, सरोवरें भरलीं, गवत उगवलें, आणि टेकड्या जेथल्या तेथें थांबल्या.

दुष्काळ एकटा वाळवंट चालवूं शकत नाहीं याचा दुसराहि पुरावा त्याच प्रदेशांत आहे. बिकानेरच्या उत्तरेस लूणकरणसर म्हणून गांव आहे. तेथील सरोवर सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वी पार आटलें, म्हणजे हडप्पाची नगरें ऐन भरांत येण्याच्याहि पूर्वीं. सरोवर आटलें, पाऊस उणावला. पण आधींच्या काळासारखी टेकड्यांची प्रचंड उभारणी कांहीं पुन्हां झाली नाहीं. वाळूनें अधूनमधून कूस बदलली, इतकेंच.

पावसाळ्याच्या प्रदेशाबाहेरहि हाच न्याय लागतो काय, अशी शंका कोणी घेईल. तर अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत वाळूच्या टेकड्यांचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. सुमारें ५७,००० चौरस किलोमीटरचा हा टापू आज हिरव्यागार कुरणानें झांकलेला असून त्यावर गुरें चरतात. सुमारें आठशें ते हजार वर्षांपूर्वी, आपल्याकडे यादवांचें राज्य उदयास येत व भरभराटत होतें त्या काळांत, त्या टेकड्या उघड्या पडून चालूं लागल्या होत्या. त्या काळच्या लांबट टेकड्यांची दिशा आजच्या वाऱ्यांशीं जुळत नाहीं. २००६ सालीं श्रीधर, लूप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गणित करून दाखविलें कीं, वसंत-ग्रीष्मांत आज तेथें दक्षिणेकडून येणारा, मेक्सिकोच्या आखाताची ओल आणणारा वारा त्या काळीं नैर्ऋत्येकडून, कोरड्या प्रदेशावरून, येत असला पाहिजे. तरच त्या टेकड्यांची तशी ठेवण लागते. म्हणजे येथें वारा नुसता दुष्काळानंतर आला नाहीं. वाऱ्यानें मोहरा फिरविला म्हणूनच दुष्काळ पडला, आणि त्याच वाऱ्यानें उघडी पडलेली वाळू हांकली. मला स्वतःला या दोन हकीकतींत नेब्रास्काची अधिक भयंकर वाटते. मारवाडच्या टेकड्या रचल्या जावयास हजारों वर्षें लागलीं; तेथें वाऱ्याची दिशा थोडी ढळल्याबरोबर, इतिहासाच्या मानानें कालपरवांच, कुरणाचें वाळवंट झालें.

आतां तो १५ मीटरचा आंकडा आठवावा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत आपल्याकडे एक मोठी धास्ती पसरली होती. राजपुतान्याचें वाळवंट गेलीं पन्नास वर्षें दरसाल सुमारें अर्धा मैल या वेगानें दिल्ली-आग्र्याच्या रोखानें सरकत आहे, असें सरकारी लिखाणांतून सांगितलें जाऊं लागलें. १९५२ सालीं नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस या संस्थेनें राजपुतान्याच्या वाळवंटाविषयींच्या परिसंवादाचें इतिवृत्त प्रसिद्ध केलें. धास्ती खोटेपणानें पसरविलेली नव्हती. शेतांत वाळू येत होती, विहिरी बुजत होत्या, कुंपणें गाडलीं जात होतीं, हें सर्व डोळ्यांदेखत घडत होतें. पण अर्धा मैल म्हणजे ८०० मीटर. ईजिप्तच्या उघड्याबोडक्या वाळवंटांत, जेथें वारा थरहून पुष्कळ जोराचा आहे, तेथें टेकडी वर्षाला १५ मीटर चालते. मग गवतानें बांधलेली मारवाडी टेकडी ८०० मीटर कशी चालेल? वाळवंट बाहेरून चालून येत नव्हतें. जुन्या वाऱ्यानें दहा हजार वर्षांपूर्वीच तेथें आणून ठेवलेली वाळू, वरचें गवत गेल्यामुळें, जागच्या जागीं मोकळी होत होती.

हा भेद पंडिती नव्हे. शत्रु बाहेरून येत असेल तर सरहद्दीवर झाडांची भिंत उभारावी लागेल. तो घरांतच निजलेला असेल तर त्याला न उठविणें हाच उपाय. भिंतीच्या कल्पना पुष्कळ निघाल्या. पण १९५२ सालीं जोधपूर येथें वाळवंटांत वनीकरण करण्याचें जें केंद्र स्थापन झालें, आणि १९५९ सालीं ज्याचें केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेंत रूपांतर झालें, तेथील लोकांनीं टेकड्यांना जेथल्या तेथें निजविण्याचेंच काम हातीं घेतलें. पुढें राजस्थानच्या कालव्याचें पाणी आलें, आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टरहि आले. बैलाच्या किंवा उंटाच्या नांगरानें टेकडीची माती वरवर हलत असे व फोगाचीं मुळें शाबूत राहत. ट्रॅक्टरचे फाळ तीं मुळेंहि उपटून काढतात, आणि मग वैशाख-ज्येष्ठांतला वारा, सौम्य असला तरी, त्याला जेवढें मिळेल तेवढें घेऊन जातो.

यापुढें वारा काय करील? जमिनीवरील वाऱ्यांचा वेग जगभर १९८० पासून सुमारें तीस वर्षें मंदावत होता, आणि २०१० च्या सुमारास तो पुन्हां वाढूं लागला, असें वेधशाळांच्या नोंदींवरून दिसतें. दक्षिण आफ्रिकेंतील कालाहारीच्या आज निजलेल्या टेकड्या तापत्या हवेमुळें या शतकाच्या अखेरपर्यंत पुन्हां चालूं लागतील, असें भाकीत २००५ सालीं 'नेचर'मध्यें प्रसिद्ध झालें आहे. मारवाडांत मात्र गेल्या कांहीं दशकांत पाऊस वाढल्याचें आढळतें. वारा आणि पाऊस या दोघांपैकीं पुढें कोण जातें आणि मागें कोण राहतें, यावर तेथल्या बाजरीच्या शेतांचें भवितव्य टांगलेलें आहे. आणि थर हें जगांतील अतिशय दाट वस्तीच्या वाळवंटांपैकीं एक आहे हें येथें विसरून चालणार नाहीं.

टेकडी निजविण्याची रीत साधी आहे. प्रथम गुरांना बंदी करावयाची. मग वाळलेल्या झुडपांच्या फांद्या वाळूंत उभ्या खोंचून त्यांच्या बुटक्या ओळी टेकडीच्या माथ्यापासून खालपर्यंत लावावयाच्या. ओळींमागें वाऱ्याचा वेग वाळू उचलण्याच्या मर्यादेखालीं येतो, उड्या मारणारे कण तेथें पडून राहतात, आणि त्या आडोशाला पहिल्या पावसांत सेवणाचें बीं व बाभळीचीं रोपें लावतात. कांहीं वर्षांनीं फांद्या कुजून जातात, पण तोंवर गवतानें मूळ धरलेलें असतें. जुनीं माणसें शेतांत खेजडीलाहि हात लावूं देत नाहींत. ही खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतों ती शमी. फांद्यांच्या त्या ओळी नीट पाहिल्या तर त्या सर्व एकाच बाजूला आडव्या लावलेल्या दिसतात. ती बाजू नैर्ऋत्येची.